वहीतला ‘चूक’ नावाचा रकाना

२०२३ च्या जानेवारीत मी महाबळेश्वर तालुक्यात मामांच्या घरी उतरले तेव्हा माझ्या सामानात कपडे कमी आणि प्लॅस्टिकची फुलं जास्त होती. फुलं म्हणजे फाइलच्या कव्हरांतून कापलेल्या, वाटीच्या बुडाएवढ्या चकत्या. बारा निळ्या, बारा पिवळ्या. प्रत्येकीच्या मधोमध प्रयोगशाळेतल्या छोट्या नळीचं टोपण उताणं चिकटवलेलं. त्या टोपणात मी साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मधमाशीने येऊन तो प्यायचा. एम.एस्सी.चा प्रकल्प एवढाच होता, आणि त्यात माझे जवळजवळ नऊ आठवडे गेले.

प्रश्न असा होता. समोर दोन रंगांची फुलं आहेत. निळ्यात दर वेळी थोडाच, पण खात्रीचा मकरंद. पिवळ्यात बहुतेकदा काहीच नाही, मधूनच एखाद्या फुलात मात्र भरपूर. दोन्हींची सरासरी काढली तर अगदी सारखी. मग माशीने जायचं कुठे? नुसती सरासरी बघायची तर कुठेही गेलं तरी सारखंच. पण प्राणी तसं करत नाहीत. लेस्ली रिअल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हे बंबलबींवर दाखवलं. बंबलबी म्हणजे थंड प्रदेशातली केसाळ, गुबगुबीत माशी. आपल्या देशात ती बघायची तर हिमालयात जावं लागतं. रिअलने जाळीच्या बंदिस्त जागेत निळ्या-पिवळ्या नकली फुलांची बाग मांडली. एका रंगाच्या प्रत्येक फुलात २ मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग). दुसऱ्या रंगाच्या तिनांतल्या एकाच फुलात ६ मायक्रोलिटर, बाकीची दोन कोरडी. माश्यांनी खात्रीचा रंग धरला. रंगांची अदलाबदल केल्यावर त्यांनीही रंग बदलला, म्हणजे त्यांची ओढ रंगाकडे नव्हती, खात्रीकडे होती.

मला हे आपल्या सातेरीवर, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीवर, करून बघायचं होतं. मामांकडे सातेरीच्या अकरा पेट्या. त्या भागात मधपेटी हे नवल नाही. जवळच्याच मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं गेलं. मामांनी मला घराच्या मागच्या पडवीजवळची एक पेटी दिली आणि एकच अट घातली. “पेटी मी उघडणार. तू बाहेरचं बाहेर काय करायचं ते कर.”

माश्यांना नकली फुलांवर आणणं हे काम वाचताना एका ओळीचं वाटतं. मला त्यात अठरा दिवस लागले. आधी एका काचेच्या बशीत साखरेचा दाट पाक घ्यायचा आणि ती पेटीच्या दाराशी अगदी लागून ठेवायची. महाबळेश्वरच्या थंडीत माश्या साडेनऊ-दहापर्यंत बाहेरच पडत नाहीत, त्यामुळे सकाळी नुसतं बसून राहायचं. एखादी माशी चुकून बशीत सोंड बुडवते, पिते, आत जाते, परत येते. मग दुसरी येते. पाच-सहा जणी नेमाने यायला लागल्या की बशी हातभर पुढे सरकवायची. पुन्हा वाट बघायची. पुन्हा हातभर. घाई केली की त्या जुन्या जागीच घिरट्या घालत राहतात आणि बशी दोन पावलांवर असूनही त्यांना सापडत नाही. जागा त्यांच्या डोक्यात इतकी पक्की बसते. असं करत करत बशी पडवी ओलांडून आंब्याखालच्या टेबलापर्यंत नेली, पेटीपासून साधारण चाळीस पावलांवर.

टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. मधपेटीच्या स्टँडला करतात तसंच, नाहीतर मुंग्या आधी पोचतात. गांधीलमाश्यांना मात्र वाट्यांनी अडवता येत नाही. त्या आल्या की मी हातात जाळी घेऊन उभी राही.

मग ओळख पटवणं. माशी पाक प्यायला लागली की काही क्षण तिला जगाचं भान नसतं. सोंड टोपणात, मिशा पुढे किंचित वाकलेल्या, आणि पोटाचे पट्टे भात्यासारखे आत-बाहेर, आत-बाहेर होत असतात. तेवढ्या वेळात काडेपेटीच्या काडीच्या टोकाने तिच्या पाठीवर, दोन पंखांच्या मधोमध, नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. पंखाला लागलं तर ती माशी गेली. माझ्या हातून पहिल्या दिवशी दोन अशा गेल्या. एक टेबलावरच गोल गोल फिरत राहिली. मामेवहिनींनी ती पानावर घेऊन पेटीच्या दाराशी नेऊन ठेवली, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर मी आधी तासभर मोहरीच्या दाण्यांवर ठिपके लावायचा सराव केला. शेवटी नऊ माश्या ओळखीच्या झाल्या: हिरवी, पांढरी, गुलाबी, चंदेरी, दोन ठिपक्यांची वगैरे. त्या घरी जाऊन नाचतात, नाचातून जागा सांगतात आणि नवीन बहिणींना घेऊन येतात, त्यामुळे टेबलावर बिनठिपक्याची गर्दी व्हायची. त्या पाहुण्यांना बाटलीत धरून ठेवायचं आणि संध्याकाळी सोडून द्यायचं. एका वेळी टेबलावर एकच माशी हवी, नाहीतर कोण कोणाला बघून कुठे बसली ते कळत नाही.

एक बारीक गोष्ट, पण तिच्यावाचून सगळा प्रयोग वाया गेला असता. माशी ज्या फुलावर बसते तिथे तिच्या पायांचा वास राहतो, आणि पुढच्या वेळी ती किंवा दुसरी तो वास हुंगून ठरवते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर चोवीसही चकत्या स्पिरिटने पुसायच्या, वाळवायच्या आणि जागा बदलून मांडायच्या. माशी पेटीत पाक रिकामा करून चार-पाच मिनिटांत परत येते. तेवढ्यात हे सगळं.

पहिल्या भागात निळ्या फुलात दर वेळी २ मायक्रोलिटर, म्हणजे मोहरीएवढा थेंब. पिवळ्यात काय, ते फासा ठरवणार. मामेभावाची मुलगी, माझी चौथीतली भाची, सापशिडीचा फासा घेऊन शेजारी बसायची. पिवळं फूल भरायची वेळ आली की ती फासा टाकायची. एक किंवा दोन पडलं तर ६ मायक्रोलिटर, बाकी काहीही पडलं तर कोरडं. तिने एकदाही फसवलं नाही. सहा पडला की “सहा” म्हणायची आणि माझ्याकडे न बघता माशीकडे बघायची.

सातेरीने काय केलं? नवांपैकी बहुतेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून निळ्याकडे झुकल्या. पूर्ण नाही. एका फेरीत पंधरा-वीस फुलं झाली तर त्यांत चार-पाच पिवळी असायचीच. दोन माश्यांनी कुठलाच कल दाखवला नाही. त्यानंतर रंग उलटवले, पिवळं खात्रीचं केलं, तेव्हा कलही उलटला, पण सावकाश. रिअलच्या बंबलबींइतकं स्वच्छ चित्र मला मिळालं नाही. त्याचं वाईट वाटण्याचं कारण नव्हतं, कारण मला जे दिसलं ते आकड्यांपेक्षा क्रमात होतं.

मी प्रत्येक बसणं ओळीने लिहीत होते: निळं भरलं, निळं भरलं, पिवळं कोरडं, निळं भरलं, पिवळं भरलं, पिवळं कोरडं. आठ-दहा दिवसांची पानं समोर ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. पिवळ्यात मोठा थेंब मिळाला की त्याच्या पुढची एक-दोन बसणी पुन्हा पिवळ्यावर. ओळीने दोन कोरडी निघाली की लगेच निळं, आणि मग बराच वेळ निळंच. म्हणजे माशी काही शंभर फुलांचा हिशेब डोक्यात धरून बसत नाही. तिच्या लेखी शेवटच्या दोन-चार घोटांचं वजन सगळ्यात जास्त. आणि पिवळ्याचे शेवटचे दोन-चार घोट बहुतेक वेळा कोरडेच असणार, कारण तिनांतली दोन फुलं कोरडी आहेत. सरासरी सारखी असली तरी आठवण सारखी राहत नाही.

याच्या मागे मेंदूत काय घडतं याचा एक धागा बर्लिनमध्ये सापडला होता. मार्टिन हॅमर यांनी १९९३ मध्ये मधमाशीच्या मेंदूतली एकच चेतापेशी शोधून दाखवली, जी साखर मिळाली की उद्दीपित होते. माशीला एक वास द्यायचा आणि साखर न देता फक्त ही पेशी विजेने चेतवायची. तेवढ्याने माशी तो वास साखरेसारखा शिकते. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. वास शिकून झाल्यावर ही पेशी वासालाच प्रतिसाद देऊ लागते, आणि अपेक्षेप्रमाणे साखर आली तर तिचा प्रतिसाद मंदावतो. म्हणजे ती नुसतं ‘गोड’ मोजत नाही, ‘वाटलं होतं त्यापेक्षा किती जास्त’ हे मोजते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींतही हेच दिसलं. १९९५ मध्ये मॉन्टेग्यू, डायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमर यांच्या पेशीसारखी एक पेशी संगणकात बसवून रिअलच्याच निळ्या-पिवळ्या बागेत एक कल्पित माशी सोडली. दर फुलावर अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक काढायचा आणि त्याप्रमाणे पुढची अपेक्षा थोडी वर किंवा खाली करायची, एवढंच तिला येत होतं. तिनेही खात्रीचा रंग धरला. जोखमीचा स्वतंत्र विचार करणारं काही तिच्यात बसवलेलंच नव्हतं. पडवीत रात्री हे पुन्हा वाचताना मी दिवसाची पानं शेजारी उघडून ठेवली होती, आणि माझ्या चंदेरीची ओळ अगदी तशीच चालली होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी मामांकडे एक मागणी केली. थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. थॉमस काराको यांनी १९८० मध्ये जंको नावाच्या छोट्या पक्ष्यांवर काम केलं होतं. त्यांचं पोट भरेल इतकं मिळत असेल तर पक्षी खात्रीच्या दाण्यांकडे जात. पण मिळकत दिवसाच्या गरजेला पुरणार नाही अशी वेळ आणली की तेच पक्षी बेभरवशाच्या बाजूला वळत. त्यात हिशेब आहे. खात्रीच्या थोड्याने रात्र निघणारच नसेल, तर मोठं घबाड मिळण्याची शक्यता हाच एक मार्ग उरतो. कॅनडात राल्फ कार्टार आणि लॉरेन्स डिल यांनी बंबलबींच्या वसाहतीतला मधाचा साठा काढून घेतला, तेव्हा त्या माश्याही जोखमीच्या फुलांकडे सरकल्या. मलाही तेच करायचं होतं. पेटीतला मध काढायचा, वसाहत उपाशी ठेवायची, आणि पिवळ्यावरची बसणी वाढतात का ते बघायचं.

मामा जेवत होते. त्यांनी घास तसाच ठेवला.

“आत्ता मध काढला तर माश्या उठतील,” ते म्हणाले. “सातेरी आहे ती. पोटाला नसलं की घर सोडून जाते. पावसाळ्यात पाक घालून घालून ठेवल्यात मी त्या.”

मी म्हटलं, “मामा, दोनच चौकटी. आठवड्यात परत ठेवू.”

“त्या आठवड्यात गेल्या तर परत कुणाला ठेवशील?”

मी पुढे बोलले नाही. मला राग आला होता, कारण प्रकल्पाचा सगळ्यात चांगला भाग तोच झाला असता. माझ्या मार्गदर्शकांना फोन केला तर ते म्हणाले, पेटी त्यांची, निर्णय त्यांचा. आज मला वाटतं मामांचं बरोबर होतं. टेबलावरच्या पिवळ्या फुलात सातेरीची जोखीम सहा मायक्रोलिटरची होती. उपाशी पेटीत ती सगळ्या घराची झाली असती, आणि तीही माझ्या एका आलेखासाठी.

मग तो भाग सोडला आणि प्रकल्पाचा दुसरा भाग साधा ठेवला. आता निळ्या सगळ्या फुलांत २ मायक्रोलिटर, पिवळी सगळी कोरडी. माश्या शिकल्या की एक दिवस न सांगता उलटवायचं: निळी कोरडी, पिवळी भरलेली. कोण किती लवकर वळतं ते मोजायचं. वहीत मी तीन रकाने आखले: वेळ, बरोबर, चूक. निळ्यावर बसली की बरोबर, पिवळ्यावर बसली की चूक.

पांढरी ही माझी अभिमानाची माशी होती. दोन दिवसांत तिने पिवळ्याकडे बघणंच सोडलं. शेवटच्या तीन फेऱ्यांत तिच्या नावावर एकही चूक नव्हती. हिरवीचं तसं नव्हतं. ती व्यवस्थित निळ्यावर जायची, पण प्रत्येक फेरीत एकदा-दोनदा पिवळ्यावर उतरायची, सोंड कोरड्या टोपणात लावायची आणि उडायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा तिला तिथे काही मिळालेलं नव्हतं, तरी पुढच्या फेरीत पुन्हा. मी तिच्या नावापुढे ‘शिकत नाही’ असं लिहून ठेवलं होतं आणि तिला प्रकल्पातून वगळावं का असा विचार करत होते.

उलटवण्याच्या दिवशी पांढरी नेहमीप्रमाणे आली. पहिलं निळं, कोरडं. दुसरं, तिसरं. बारा निळी फुलं तिने पालथी घातली, काही दोनदा. पिवळ्या फुलांच्या बोटभर अंतरावरून ती अशी जात होती की तिथे काही नाहीच. मग रिकामी घरी गेली. परत आली, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत कधीतरी एका पिवळ्यावर टेकली, आणि तिथेच इतका वेळ पीत राहिली की मला वाटलं काही बिघडलं.

हिरवीने पाच-सहा कोरडी निळी बघितली आणि पिवळ्यावर गेली. बस. पुढची पंधरा फुलं पिवळी.

बाकीच्या सात जणींची पानं मी त्या रात्री काढून बसले. उलटवण्याआधी ज्यांच्या नावावर ‘चूक’ जास्त, त्या साधारण आधी वळल्या होत्या. नऊ माश्यांवरून नियम काढता येत नाही, हे मी अहवालातही लिहिलं. कदाचित हिरवीचं शिकणंच कच्चं असेल, आणि कच्चं शिकलेलं लवकर पुसलं जात असेल. माझ्या आकड्यांतून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. पण रकान्याचं नाव चुकलं होतं यात मला शंका उरली नाही. माझ्या टेबलावर पिवळं कोरडं आहे हे मला माहीत होतं, कारण मीच ते कोरडं ठेवलं होतं. माशीला ते ‘काल कोरडं होतं’ एवढंच माहीत. खऱ्या झाडावर सकाळचं रिकामं फूल दुपारी भरतं, आणि भरलेलं फूल दुसऱ्या कोणीतरी आधीच पिऊन टाकलेलं असतं. तिथे काल कोरडं निघालेलं दार आज एकदा ढकलून बघण्याला चूक म्हणणं हा माझा उतावळेपणा होता.

मी तो शब्द खोडला आणि वर ‘चाचपणी’ लिहिलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

हे एकेकट्या माशीचं झालं. सगळी पेटी मिळून हेच काम कसं करते ते थॉमस सीली यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या क्रॅनबेरी लेकच्या जंगलात दाखवलं होतं. पेटीपासून ४०० मीटरवर, विरुद्ध दिशांना दोन ठिकाणी साखरपाणी. एकीकडे गोड, दुसरीकडे पातळ. दुपारी गोडी उलटवली आणि काही तासांत माश्यांची गर्दीही उलटली. ते शक्य झालं कारण पातळ पाण्याकडेही काही माश्या जातच राहिल्या होत्या. त्या नसत्या तर तिकडे गोडी वाढल्याची बातमी घरी आणायला कोणीच नसतं. पुढे त्यांच्याच कामातून हेही समजलं की एखादी जागा आटल्यावर तिथल्या काही जुन्या माश्या तपासनिसांसारख्या अधूनमधून जाऊन बघून येतात. हे मी आधी वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. तरीही वहीत ‘चूक’ असाच रकाना आखला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जांभळी फुलायला लागल्या. ओढ्याच्या बाजूने तो गोडसर वास सकाळीच यायचा आणि झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर नुसता गुणगुणाट. माझं टेबल एका दिवसात ओस पडलं. जांभळाच्या फुलोऱ्यापुढे साखरेच्या पाण्याची काय किंमत! मी पाक दाट करून बघितला, बशी पुन्हा दाराशी नेली. माश्या तिच्यावरून उडून सरळ ओढ्याकडे जायच्या. मामा खुशीत होते, वरच्या चौकटी भरायला लागल्या होत्या. भाचीने फासा सापशिडीच्या डब्यात परत ठेवला. मी चकत्या शेवटच्या एकदा स्पिरिटने पुसून टेबलावर वाळत घातल्या आणि सामान आवरायला घेतलं.

पडवीतून सहज बघितलं तर टेबलावर एक माशी होती. पाठीवर ठिपका, पण इतका झिजलेला की हिरवा की चंदेरी ते कळेना. वही पिशवीत तळाला गेली होती. मी ती उपसून काढली आणि उभ्यानेच लिहिलं: दहा वाजून चाळीस. निळं, कोरडं. पिवळं, कोरडं. ओढ्याकडे गेली.